गिलावा वर-खाली झालाय, स्कर्टिंग सरळ कशी येईल?

मांजराकाठ (औसा, जि. लातूर):

नमस्कार मंडळी. जुन्या दगडी खोलीला लागून तीन नव्या खोल्या काढल्या आहेत. नव्या खोल्या राखेच्या विटांच्या, आतून सिमेंटचा गिलावा. खाली दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल बसून झाली. आता स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावायची पट्टी, तेवढी राहिली.

अडचण अशी आहे. हॉलच्या लांब भिंतीला पायथ्याशी ६ फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी धरली की मध्ये ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट दिसते. समोरच्या भिंतीला उलटं, मध्ये पोट आलंय, पट्टी दोन्ही टोकांना डुलते. खिडकीखाली हातभर जागेत गिलावा उठून आलाय, तो वेगळाच. कोपरे गुण्यात (९० अंशांत) नाहीत. मिस्त्री म्हणू लागलेत, "काळजी करू नका, मागून माल जास्त भरून सरळ करून देतो." माल म्हणजे सिमेंटचा घोळ. गल्लीतल्या एका घरात अशीच भरून बसवलेली स्कर्टिंग वर्षाच्या आत पोकळ वाजायला लागलीय. वरच्या कडेची जाडी तर कुठं अर्धा इंच, कुठं सव्वा इंच.

तर आधी भिंत दुरुस्त करावी की स्कर्टिंगनंच झाकावी? टाइलची करावी की सुतार सांगतो तशी डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली) पट्टी लावावी? पुट्टीचा पहिला हात खालपर्यंत मारून झालाय, तो चालेल का? आणि जुन्या खोलीला काळ्या दगडाची मातीत रचलेली भिंत आहे, वरून मातीचाच गिलावा. तिथं काय करायचं?

—

ओळंबा:

मागून माल भरून सरळ करणं हेच पोकळ वाजण्याचं मूळ आहे, दादा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. साधा सिमेंटचा घोळ पकडायला टाइलच्या पाठीत भोकं लागतात, ती इथं नसतात. त्यात घोळ जाड भरला की सुकताना आकसतो. एका टोकाला दोन सूत आणि मध्ये पाऊण इंच असा थर असेल तर दोन्हीकडं आकसणं सारखं होत नाही आणि टाइल मधून सुटते. उन्हाळ्यात आपल्याकडं कोरडी तापलेली भिंत घोळातलं पाणी लागलीच ओढून घेते, मग सिमेंट पिकायला पाणीच उरत नाही.

म्हणून मिस्त्रींना एवढंच सांगा: खड्डा भरणं हे एक काम, टाइल चिकटवणं हे दुसरं. दोन्ही एकाच मालानं, एकाच दमात करायची नाहीत.

आता मोजणी. नुसत्या पट्टीवर जाऊ नका, दोरी लावा. भिंतीच्या दोन्ही टोकांना, फरशीपासून ४ इंचांवर, २० मिमी जाडीचा एकेक लाकडी ठोकळा धरा आणि त्यावरून लाइनदोरी ताणून बांधा. मग दर फुटाला दोरी ते भिंत अंतर मोजून भिंतीवरच पेन्सिलीनं लिहा. २० च्या आसपास असेल तिथं भिंत ठीक. ३५ आलं तर १५ मिमीचा खोलगा. ८ आलं तर १२ मिमीचं पोट. हे आकडे डोळ्यासमोर असले की काम निम्मं झालं, कारण कुठं छाटायचं आणि कुठं भरायचं हा वादच राहत नाही.

इथं एक फरक ध्यानात घ्या. भिंतीला लांब, एकसारखा बाक असणं वेगळं आणि एका जागी गिलावा उठून येणं वेगळं. ६ फुटांत ५ सुतांचा एकसारखा बाक असेल तर २ फुटी तुकड्याच्या वाट्याला त्यातला नववा हिस्साच येतो, म्हणजे साधारण अर्धा सूत. तेवढा फरक टाइल ॲडहेसिव्हचा, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मालाचा, थर सहज खातो. स्कर्टिंग बाकाच्या अंगानं गेली तरी वरच्या कडेची जाडी सगळीकडं सारखी राहते आणि डोळ्याला काही खुपत नाही. खुपते ती बदलत जाणारी जाडी. तुमच्या मिस्त्रींना दोरी सरळ हवी आहे, भिंत बाकदार आहे, म्हणून जाडी बदलणार. त्यामुळं लांब बाकाच्या भिंतीला भिंतीसोबत जा. खिडकीखालचा उठलेला गिलावा मात्र छाटावाच लागेल, कारण तिथं २ फुटी तुकडा अधांतरी झुलतो.

अपवाद एकच. त्या भिंतीला लागून फरशीचा सांधा समांतर जात असेल आणि भिंत ते सांधा ही पट्टी कमी-जास्त दिसत असेल, तर भिंतीसोबत गेल्यानं तो दोष तसाच राहतो. मोठं कपाट, दिवाण किंवा टीव्ही युनिट त्या भिंतीला लागणार असेल तर सोडून द्या. मोकळी राहणार असेल तर भिंत भरून घ्या.

छाटणं: आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिमी असतो. त्यातला २ सूत छाटला तर उरलेला टिकतो. त्याहून जास्त छाटायचं असेल तर वरवर खरवडत बसू नका, तेवढा भाग विटेपर्यंत काढा आणि नव्यानं भरा. पातळ पापुद्रा उरला की तो छिन्नीच्या हादऱ्यानं विटेपासून सुटलेला असतो, फक्त दिसत नाही. छाटण्याआधी आणि नंतर हातोडीच्या दांड्यानं ठोकून ऐका. आधीच पोकळ वाजणारा गिलावा आपणहून काढलेला बरा.

भरणं: २ सुतांपर्यंतचा खोलगा असेल तर आदल्या दिवशी टाइल ॲडहेसिव्हचाच एक हात मारून पट्टीनं सपाट करा. बहुतेक पिशव्यांवर जास्तीत जास्त जाडी छापलेली असते, ती ओलांडू नका. २ ते ४ सुतांना १:४ सिमेंट-वाळूचा एक थर. ४ सुतांच्या वर दोन थर, पहिल्यावर खिळ्यानं आडव्या-तिरक्या रेघा ओढून, दुसऱ्या दिवशी दुसरा. दोन्हीच्या आधी टाचे मारा (छिन्नीनं टोचून भिंत खडबडीत करा), धूळ झाडा, भिंत ओली करा. पृष्ठभाग ओलसर असावा, त्यावर पाणी चमकायला नको. मग एसबीआर लेटेक्स (माल धरून ठेवणारं रबरी द्रव) आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात सिमेंट कालवा आणि ब्रशनं हात मारा. तो चिकट असतानाच माल लावायचा. वाळला की उलट तो अडसर होतो, पुन्हा मारावा लागतो.

क्रशसँड (दगड भरडून केलेली वाळू) वापरणार असाल तर चाळूनच घ्या आणि भुकटी जास्त असेल तर धुऊन. बारीक भुकटीचा माल थापायला गोड लागतो, पण वाळताना केसासारख्या चिरा देतो. पाणी बोअरचं खारट असेल तर मालात पिण्याचं पाणी वापरा.

१२ फूट लांब, ६ इंच उंच आणि सरासरी १० मिमी खोल एवढी भरणी असेल तर माल साडेपाच लिटरच लागतो, म्हणजे अर्धं घमेलं. एवढ्यासाठी मिस्त्री वेगळी खेप करायला कुरकुर करतात. करू द्या. भरलेल्या भागाला निदान ७ दिवस पाणी, ओली पोती टेकवून. उन्हाळा असेल तर पोती दुपारी एकदा जास्त भिजवा.

भरणी स्कर्टिंगच्या उंचीवर एकदम थांबवली तर वर कंगोरा दिसतो. ५ सूत भरले असतील तर अडीच-तीन फूट वर नेत नेत शून्यावर आणा. शून्याची कड सिमेंटच्या मालानं टिकत नाही, पापडी होऊन पडते. म्हणून जिथं संपवायचं तिथं कटरनं ३ मिमीची खाच घ्या, माल त्या खाचेत संपवा आणि पुढचं पुट्टीवर सोपवा.

—

गुण्या_परभणी:

ओळंबा यांनी पुट्टीचं सांगितलं नाही, ते मी सांगतो, कारण ते सोडलं तर वरची सगळी मेहनत फुकट. पुट्टीवर स्कर्टिंग चिकटवायची नाही. ॲडहेसिव्ह पुट्टीला छान धरतो, पण पुट्टी गिलाव्याला तेवढी धरत नाही आणि एक दिवस तुकडा पुट्टीसकट हातात येतो. फरशीपासून साडेचार इंचांवर रेघ मारा, कटरनं २-३ मिमी खोल खाच घ्या आणि खालची पुट्टी पत्र्यानं खरवडून, तारेच्या ब्रशनं घासून काढा. खाच घेतल्यानं वरची पुट्टी फाटत नाही.

कटर किंवा छिन्नी लावण्याआधी बोर्डाच्या जागा बघा. खालच्या सॉकेटचे पाइप बऱ्याचदा फरशीतून वर येतात, म्हणजे नेमके स्कर्टिंगच्या पट्ट्यातून. मेन बंद करूनच काम करा. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत पाण्याची लाइन असते, तिथं छिन्नी जपून.

भिंत जिप्सम किंवा पीओपीची असेल तर तो पट्टा थेट विटेपर्यंत काढून सिमेंटनं भरावा लागतो. ओलावा मिळाला की जिप्सम आणि सिमेंट यांच्यात रसायन घडतं, फुगवटा येतो आणि सांध्यातून सुटतं. तुमचा गिलावा सिमेंटचा आहे, त्यामुळं तुम्हाला हा ताप नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

—

मांजराकाठ:

दोघांचेही आभार. दोरी लावून मोजलं. लांब भिंतीचा बाक एकसारखाच निघाला: २०, २४, ३०, ३५, ३४, २९, २३, २०. समोरच्या भिंतीचं पोटही तसंच सावकाश आहे. खिडकीखाली मात्र दोन फुटांत १८ वरून ९ आणि परत १९.

हॉल १८ बाय १२ आहे, एक दार साडेतीन फुटांचं आणि मधला रस्ता ५ फुटांचा. टाइल किती आणू? जमिनीच्या लॉटच्या तीनच टाइल उरल्या आहेत. आणि कोपऱ्यात ४५ अंशांचा तिरपा काट मिस्त्री सगळीकडं देतो म्हणतात, देऊ द्यावा का?

—

ओळंबा:

मग दोन्ही लांब भिंतींना भिंतीसोबत जा. खिडकीखालचा ९ मिमीचा उंचवटा तेवढा काढा. तो तीन सुतांच्या जवळ आहे, म्हणजे विटेपर्यंत काढून भरणंच बरं.

हिशेब असा. घेर ६० फूट, वजा साडेआठ, उरले साडे-एकावन्न फूट. २ फुटी तुकडे २६ लागतील. एका २ बाय २ टाइलमधून सहा पट्ट्या निघतात. पात्याची जाडी गेल्यावर पट्टी ९८ मिमीच्या आसपास येते, पूर्ण ४ इंच मिळत नाही, त्यामुळं मिस्त्रींना ४ इंच ठरवून देऊ नका. २६ भागिले ६, म्हणजे ५ टाइल, कोपऱ्यांची कापाकापी आणि फुटतूट धरून ७. एका बॉक्समध्ये चार टाइल असतात, दोन बॉक्स आणा. उरलेल्या तीन टाइल स्कर्टिंगला घालवू नका. पुढं कधी एखादी फरशी काढावी लागली तर त्याच लॉटची टाइल बाजारात मिळत नाही. स्कर्टिंगची छटा थोडी वेगळी असली तरी चालून जातं, कारण उभ्या पृष्ठभागावर उजेड वेगळाच पडतो. थोडा गडद रंग मुद्दाम घेतलात तर पुसण्याचे डागही कमी दिसतात.

ॲडहेसिव्ह आयएस १५४७७ या भारतीय मानकातला टाइप २ घ्या, तो व्हिट्रिफाइडसाठी आहे. ३ मिमी थराला चौरस मीटरमागं साधारण साडेचार किलो पावडर जाते. तुमचं क्षेत्र १.६ चौरस मीटर भरतं. थर कमी-जास्त होणार, सांडलवंड होणार, तरी २० किलोची एक पिशवी पुरून उरते.

पट्ट्यांच्या कडांकडं लक्ष द्या. सहा पट्ट्यांपैकी दोघींनाच एका बाजूला कारखान्याची कड असते, बाकी चार दोन्हीकडून कापलेल्या. जीव्हीटी (वर चकाकीचा थर दिलेली व्हिट्रिफाइड) टाइल असेल तर रंग फक्त वरच्या थरात असतो आणि कापलेल्या कडेला आतली माती दिसते. वरची कड मशीनवर गोल किंवा तिरपी पॉलिश करून घ्या. या कामाची मजुरी रनिंग फुटावर, म्हणजे लांबीच्या हिशेबानं, असते. पॉलिश करायचं नसेल तर दुसरा मार्ग: कडेखालचा गिलावा तासून स्कर्टिंग भिंतीत बुडवा, फक्त २-३ मिमी बाहेर ठेवा. नवीन घरात खालचे ४ इंच गिलावा सोडूनच ठेवतात ते याचसाठी. तुमचा गिलावा झालेला असल्यानं ते बरंच तासकाम होईल, पॉलिशचा मार्ग स्वस्त पडेल. आत बुडवण्याचा आणखी एक फायदा: दाराच्या चौकटीपाशी स्कर्टिंग चौकटीच्या पुढं डोकावत नाही. बुडवणार नसाल तर चौकटीला टेकणाऱ्या तुकड्याचं टोक तिरपं घासून घ्या.

काटाबद्दल: आतल्या कोपऱ्याला ४५ ची गरजच नाही. एक पट्टी भिंतीपर्यंत न्या, दुसरी तिला येऊन टेकवा. कोपरा ८७ अंशांचा असो की ९३ चा, फरक सांध्यात जिरतो. खोलीत शिरताना जी भिंत समोर दिसते तिच्यावरची पट्टी आधी बसवा, म्हणजे सांध्याची रेघ बाजूला जाते. काट लागतो तो बाहेरच्या कोपऱ्याला, कॉलमला. तिथंही ४५ ठोकून देऊ नये. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना स्कर्टिंगचे तुकडे उभे धरून त्यांच्या बाहेरच्या कडेनं फरशीवर पेन्सिलीच्या रेघा मारा. रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत रेघ जोडा. तोच तुमचा काट, मग तो ४३ भरो की ४७. धार अगदी टोकदार करू नका, एक मिमीची सपाट कड ठेवा. टोकदार धार झाडूच्या मुठीनंही उडते.

बसवताना तुकड्याची पाठ ओल्या फडक्यानं घासून पुसा. भट्टीत टाइल चिकटू नये म्हणून लावलेली पांढरी पूड तिथं असते आणि तीच पुढं टाइल सोडवते. व्हिट्रिफाइड टाइल भिजत घालू नका. दातेरी थापीनं भिंतीवर ॲडहेसिव्ह पसरा, पाठीवर पातळ हात द्या, आडवं सरकवत दाबा. पाच ठिकाणी गोळे ठेवून दाबायची सवय पुष्कळांना आहे, ती मोडून काढा. गोळ्यांच्या मधल्या पोकळीतच मुंग्या आणि ओल घर करतात. वाऱ्यात किंवा पंख्याखाली मालावर पाच-दहा मिनिटांत साय धरते. बोट लावलं आणि बोटाला माल चिकटला नाही तर तो खरवडून टाका. त्यावर पाणी शिंपडून चालत नाही. एका वेळी दोन-तीन तुकड्यांपुरताच माल पसरा.

फरशीचा सांधा आणि स्कर्टिंगचा सांधा एका रेषेत आणा, फरशीला दिलेला स्पेसरच (सांधा सारखा राहावा म्हणून मध्ये ठेवायचा प्लास्टिकचा तुकडा) इथंही द्या. तुकड्याखाली २ मिमीची पाचर ठेवा, म्हणजे तो फरशीला टेकणार नाही. दुसऱ्या दिवशी पाचरी काढा, प्रत्येक तुकडा नाण्यानं वाजवून बघा आणि मग उभे सांधे ग्राउटनं भरा.

—

रंधा_आणि_पटाशी:

टाइलच्या बाजूनं सगळं बोलून झालं, आता पट्टीच्या बाजूनं. सुतार चुकीचं सांगत नाही. वाकड्या भिंतीला ८ फुटी डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसीची पट्टी लावायची सोय हीच की ती थोडी वाकते. लांब बाक असेल तर स्क्रू आवळत नेले की ती भिंतीसोबत बसते. पण स्क्रू आवळून उंचवटा जात नाही. उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पट्टी सुटते आणि स्क्रूपाशी खळी पडते.

मी असा विचार करतो: पट्टी आणि भिंत यांच्यात ३ मिमीपर्यंत फट असेल तर वरून ॲक्रिलिक सीलंटची रेघ पुरे. ३ ते ८ मिमी असेल तर स्क्रूच्या जागी मागं तेवढ्याच जाडीचा प्लायचा किंवा पीव्हीसीचा तुकडा द्या, पट्टी सरळ ठेवा आणि वरची फट आधी फोमच्या दोरीनं भरून मग सीलंट. ८ च्या पुढं भिंतच दुरुस्त करा. एवढी फट सीलंटनं भरली की ते मध्ये खचतं आणि त्यात धूळ बसते. सीलंट ॲक्रिलिकच घ्या. सिलिकॉनवर रंग धरत नाही, तिथं कायमची चकाकती रेघ राहते.

स्क्रू दर १६ ते १८ इंचांवर, ६ मिमीचं भोक, आत गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग), ३५ मिमीचा स्क्रू. टोकापासून पहिला स्क्रू २ इंच आत. नुसत्या चिकटद्रव्यावर वाकड्या भिंतीला पट्टी थांबत नाही, कारण ती परत सरळ व्हायला सतत ओढत असते.

पीव्हीसी तापमानानं लांबी बदलते हे इथं विशेष लक्षात ठेवा. आपल्याकडं डिसेंबरच्या पहाटेची खोली आणि मेच्या दुपारची खोली यांत २५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ८ फुटी पट्टी ३ ते ४ मिमी वाढते. थंडीत सांधे घट्ट भिडवून बसवल्या तर उन्हाळ्यात मधून फुगतात. भिंतीच्या टोकांना २-३ मिमी मोकळं ठेवा, स्क्रूची भोकं लांबट करा. सरळ भिंतीवरचा जोड सपाट न कापता दोन्ही टोकं ४५ अंशांत एकमेकींवर चढवा, म्हणजे आकसली तरी आरपार फट दिसत नाही.

आतल्या कोपऱ्याला नक्षीची पट्टी असेल तर पहिली सरळ भिंतीपर्यंत नेऊन दुसरीच्या टोकाला पहिलीच्या नक्षीबरहुकूम काट द्या. कोपरा गुण्यात नसला तरी हा सांधा बंद राहतो. दोन्हींना ४५ दिला तर ९० नसलेल्या कोपऱ्यात पुढं किंवा मागं फट राहणारच.

फरशी वर-खाली असेल तर पट्टी पाचरींवर लेव्हलला ठेवा. सगळ्यात मोठ्या फटीएवढ्या उंचीच्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी ठेवा आणि ठोकळा फरशीवरून सरकवत पट्टीवर रेघ ओढा. रेघेपर्यंत तासलं की पट्टी फरशीला बिलगते. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) मात्र घेऊ नका. आपल्याकडं रोज ओल्या पोछ्यानं फरशी पुसतात. एमडीएफची खालची कड पाणी पिते आणि पावासारखी फुगते.

हॉलसाठी माझा कौल तरीही टाइललाच. पट्टी लावा बेडरूमला, जिथं पाणी कमी पडतं आणि भिंतीमागं वायर लपवायची असते.

—

पांढरीची_माती:

जुन्या खोलीबद्दल कुणी बोललं नाही, आणि खरी जोखीम तिथंच आहे.

मातीत रचलेल्या दगडी भिंतीला खालून ओल चढते आणि ती भिंतीच्या अंगातून बाहेर पडत राहते. मातीचा गिलावा ती बाहेर जाऊ देतो. पायथ्याला व्हिट्रिफाइड टाइल आणि सिमेंटचा घट्ट पट्टा मारला की तेवढ्या जागेत वाट बंद होते आणि ओल वर सरकते. वर्षभरात स्कर्टिंगच्या बरोबर वर पांढऱ्या क्षारांची रेघ उमटते आणि तिथला गिलावा भुसभुशीत होतो. लोक मग रंगाला दोष देतात.

आधी ओल किती आहे ते बघा. फूट बाय फूट जाड प्लास्टिकचा कागद पायथ्याला चारी कडांनी टेपनं बंद करून एक दिवस-रात्र ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीची. खोलीकडच्या बाजूला आले तर ती हवेतली. ही चाचणी पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच करा, मे महिन्यात कोरडी दिसणारी भिंत फसवते. बाहेरून भिंतीला लागून पाणी साचत असेल, पागोळी पायाशीच पडत असेल, तर ते आधी दूर करा. आतून काहीही केलं तरी त्याला पर्याय नाही.

तिथं स्कर्टिंग हवीच असेल तर शहाबादी किंवा कोट्याची, पाऊण इंची, पॉलिश न केलेली पट्टी घ्या. खालचे ६ इंच मातीचा गिलावा दगडापर्यंत काढा, दगडांच्या सांध्यांतली माती इंचभर खरवडा, पाणी शिंपडा आणि सांधे चुना-वाळू १:३ च्या मालानं भरा. चुना नसेलच तर सिमेंट-चुना-वाळू १:१:६. नुसत्या सिमेंटचा माल मातीच्या भिंतीपेक्षा फार कडक होतो. मागची माती हलते, पुढचा थर हलत नाही, आणि दोघं वेगळे होतात. पट्टीही त्याच मालावर बसवा. दगडाची पाठ खडबडीत असते आणि तो थोडं पाणी पितो, त्यामुळं इथं ॲडहेसिव्हची गरज पडत नाही. सांधे चुन्याच्याच मालानं भरा, वरच्या कडेला सीलंट लावू नका.

दगडी भिंत कधीच सपाट नसते. दगड पुढं आला म्हणून तो फोडायला जाऊ नका, आणि हॅमर ड्रिल तर त्या भिंतीला लावूच नका. या भिंती आतून-बाहेरून दोन वेगळ्या थरांत रचलेल्या आणि मध्ये माती-कपचीनं भरलेल्या असतात. हादऱ्यानं थर सुटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आपल्याच भागात अशा भिंतींनी काय केलं हे औशाकडच्या माणसाला सांगायला नको. पुढं आलेल्या दगडाजवळ पट्टीचे फूट-फूट लांबीचे तुकडे करा आणि पट्टीची पाठ घासून पातळ करा. भिंतीला धक्का न लावता जेवढं सरळ येईल तेवढंच सरळ घ्या. भिंत बाहेर झुकलेली असेल किंवा तिला उभी चीर असेल तर स्कर्टिंग राहू द्या, आधी इंजिनिअरला दाखवा.

—

मांजराकाठ:

जुन्या खोलीचं काम दिवाळीनंतर ठेवतो, आधी पागोळीचं बघतो. हॉलला टाइल, बेडरूमला डब्ल्यूपीसी ठरलं. शेवटचं एक. स्कर्टिंगखालची २ मिमीची फट मिस्त्री पांढऱ्या सिमेंटनं भरतो म्हणतात. जमीन काळीची आहे, जोत्यात चार फूट मुरूम भरलाय, दोन पावसाळे झालेत.

—

ओळंबा:

पांढरं सिमेंट नको. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि चार फुटांचा भराव दोन पावसाळ्यांत पूर्ण बसतोच असं नाही, विशेषतः मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून, धुम्मस करून भरला नसेल तर. भिंत पायावर उभी आहे आणि फरशी भरावावर, म्हणून दोघी वेगवेगळ्या हलणार. मध्ये कडक सिमेंट भरलं तर फरशी बसताना तिथं चीर पडते, आणि वर आली तर स्कर्टिंगला खालून ढकलते.

ती फट लवचिक सीलंटनं भरा. इथं रंग लागणार नाही, त्यामुळं सिलिकॉन चालेल, ग्राउटच्या रंगाचं मिळतं. फट कोरडी हवी, धूळ ब्रशनं काढा, वर-खाली कागदी टेप लावा, सीलंट भरून साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटानं एकदाच ओढा आणि साय धरायच्या आत टेप काढा. एक दिवस पोछा मारू नका. ३०० मिलीच्या नळीत २ बाय ५ मिमीची रेघ ३० मीटर येते असा हिशेब आहे. वाया जाणारं धरलं तरी तुमच्या हॉलला एक नळी पुरेल.

पुढच्या पावसाळ्यानंतर फट ४-५ मिमी झालेली दिसली तर जुनं सीलंट ब्लेडनं काढून नवीन भरा. पण फरशी ठोकल्यावर मधोमध पोकळ वाजत असेल किंवा भिंतीकडून खोलीच्या मध्याकडं उतार आला असेल, तर सीलंट भरत बसू नका. त्या कोपऱ्यातली एक फरशी उचलून खालचा भराव किती खचलाय ते आधी बघा. त्या दिवशी तुमच्याकडच्या तीन टाइल कामाला येतील.